कोरी ओळ, अर्धी नोंद, पक्की नोंद

मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमधला एखादा साधा फॉर्म उघडा आणि खालच्या बाणांनी शेवटच्या नोंदीच्याही पुढे जा. रकाने कोरे होतात आणि कर्सर पहिल्या रकान्यात येऊन थांबतो. वापरणाऱ्याला वाटतं, नवी नोंद तयार झाली, आता फक्त भरायची. टेबलात मात्र त्या जागी अजून काहीही नसतं. पहिलं अक्षर पडेपर्यंत ती ओळ नुसती पडद्यावर असते. अक्षर पडलं की ती फॉर्मच्या ताब्यात, मेमरीत येते. सेव्ह झाली की मगच टेबलात उतरते.

फॉर्ममागच्या कोडला मात्र पावलोपावली ठाऊक असावं लागतं की समोरची नोंद नवी आहे की आधीची. पावती क्रमांक द्यायचा तो फक्त नव्या नोंदीला. नोंद कोणी आणि कधी केली हे लिहायचं तेही एकदाच. डिलीटचं बटण चालू ठेवायचं ते जुन्या नोंदीवर. छपाई करायची ती टेबलात असलेल्या नोंदीची, कारण रिपोर्ट आपली माहिती टेबलातून घेतो, पडद्यावरून घेत नाही. ही सगळी कामं ‘नोंद नवी आहे का?’ या एका प्रश्नावर टांगलेली दिसतात. माझं म्हणणं असं की इथे तीन वेगळे प्रश्न आहेत: माणूस कोऱ्या ओळीवर उभा आहे का, त्याने नवी नोंद लिहायला घेतली आहे का, आणि आत्ता जी सेव्ह झाली ती नवी होती का. प्रोग्रॅमरला उत्तर काढायची युक्ती ठाऊक असते, पण यातला कुठला प्रश्न विचारतोय हे ठरवलेलं नसतं. घोळ तिथे होतो.

अ‍ॅक्सेसच्या आधीच्या पिढीत हा प्रश्न निराळा होता. डीबेस आणि फॉक्सप्रोमध्ये अपेंड ब्लँक ही आज्ञा दिली की टेबलाच्या शेवटी एक रिकामी नोंद त्याच क्षणी खरोखर तयार व्हायची. भरणाऱ्याने मध्येच एस्केप दाबलं किंवा वीज गेली, तर ती रिकामीच राहायची आणि पुढे प्रत्येक यादीत कोरी ओळ म्हणून उगवायची. म्हणून जाणते प्रोग्रॅमर माहिती आधी मेमरी व्हेरिएबलमध्ये घेत, सेव्हचं बटण दाबल्यावरच अपेंड ब्लँक करत आणि रिप्लेस किंवा गॅदरने ती टेबलात भरत. नवं की जुनं हेही तेच एका व्हेरिएबलमध्ये सांभाळत. ‘अ‍ॅड’ दाबलं की खरं, ‘एडिट’ दाबलं की खोटं. महाराष्ट्रातल्या कितीतरी पतसंस्थांचे आणि दुकानांचे हिशेब नव्वदच्या दशकात याच पद्धतीवर चालले आणि ती पद्धत तिथे योग्यच होती, कारण नव्या नोंदीकडे जायची वाट एकच होती आणि ती प्रोग्रॅमरच्या बटणातून जात होती.

हीच सवय घेऊन लोक अ‍ॅक्सेसकडे आले आणि तिथे ती दगा देऊ लागली. अ‍ॅक्सेसच्या बांधलेल्या फॉर्मवर, म्हणजे थेट टेबलाला किंवा क्वेरीला जोडलेल्या फॉर्मवर, कोऱ्या ओळीकडे जायच्या वाटा पुष्कळ आहेत. खालच्या पट्टीवरचं चांदणीचं बटण आहे, कंट्रोल आणि अधिकची कळ आहे. शेवटच्या नोंदीच्या शेवटच्या रकान्यात टॅब दाबला तरी माणूस पुढे सरकतो, पेज डाऊननेही सरकतो. तुमच्या ‘अ‍ॅड’च्या बटणात ठेवलेल्या व्हेरिएबलला यातलं काही कळत नाही. उलट, ‘अ‍ॅड’ दाबून माणूस काही न लिहिता मागच्या नोंदीवर परतला, तर व्हेरिएबल अजूनही ‘नवी’ म्हणत राहतं आणि जुन्या नोंदीला नवा क्रमांक चढतो. अशी चूक चटकन दिसत नाही. महिन्याभराने कोणीतरी जुनी पावती शोधायला जातं आणि ती सापडत नाही.

अ‍ॅक्सेसची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९९२ मध्ये आली, दुसरी १९९४ मध्ये. त्या दोन्हींत ‘नोंद नवी आहे का’ हे सरळ सांगणारी सोय नव्हती. तेव्हाची युक्ती बुकमार्कवर आधारलेली होती. टेबलातल्या प्रत्येक नोंदीला फॉर्म एक बुकमार्क देतो. कोऱ्या ओळीला तो नसतो, कारण टेबलात ती नसतेच. म्हणून कोडमध्ये फॉर्मचा बुकमार्क वाचायचा प्रयत्न करायचा आणि ३०२१ क्रमांकाची, ‘चालू नोंद नाही’ अशा अर्थाची एरर आली, तर नोंद नवी समजायची. ही युक्ती फॉर्मलाच प्रश्न विचारत होती, रकान्यांतल्या माहितीवरून अंदाज बांधत नव्हती. तिचा बांधा म्हणूनच पक्का होता. अ‍ॅक्सेस ९५ मध्ये जुन्या अ‍ॅक्सेस बेसिकच्या जागी व्हीबीए आलं आणि फॉर्मला न्यूरेकॉर्ड नावाची प्रॉपर्टी मिळाली. तेव्हापासून ‘इफ मी.न्यूरेकॉर्ड देन’ एवढ्या एका ओळीत काम होतं. प्रॉपर्टी फक्त वाचायची आहे, तिच्यात काही लिहिता येत नाही, आणि हे चांगलं आहे. फॉर्मची अवस्था फॉर्मनेच सांगावी.

तरीही आजच्या घडीला चालू असलेल्या फॉर्मच्या मागे डोकावलं तर पुष्कळ ठिकाणी दुसरंच काहीतरी दिसतं. सगळ्यात जास्त आढळते ती आयडीचा रकाना नल आहे का ही तपासणी. ‘इझनल’ने ऑटोनंबर, म्हणजे आपोआप मिळणारा आकडा, पाहायचा आणि तो रिकामा असेल तर नोंद नवी. वाचायला तर्कशुद्ध वाटतं आणि कोऱ्या ओळीवर उत्तरही बरोबर येतं. पण टेबल अ‍ॅक्सेसचंच असेल तर ऑटोनंबर सेव्ह होताना नव्हे, पहिलं अक्षर टाइप होताच मिळतो. त्या क्षणापासून नोंद नवी असते, सेव्ह झालेली नसते, पण आयडी भरलेला असतो. सेव्हच्या आधी येणाऱ्या बिफोरअपडेट इव्हेंटमध्ये, म्हणजे नेमक्या गरजेच्या जागी, ही तपासणी नव्या नोंदीला जुनी म्हणते. आता तेच टेबल एसक्यूएल सर्व्हरवर नेलं आणि अ‍ॅक्सेसमधून लिंक केलं, तर आयडेंटिटीचा आकडा सर्व्हर सेव्ह झाल्यावरच देतो आणि तोपर्यंत रकाना नलच राहतो. तोच कोड आता बरोबर चालू लागतो. टेबल कुठे ठेवलंय यावर ज्या कोडचं उत्तर बदलतं, तो कोड चुकीचा आहे. आज तो चालतोय म्हणून त्याला बरोबर म्हणता येत नाही.

दुसरा अंदाज आकड्यांचा. फॉर्मचा करंटरेकॉर्ड हा एकूण नोंदींच्या संख्येपेक्षा मोठा असेल तर आपण शेवटाच्या पुढे, म्हणजे नव्या नोंदीवर. पण रेकॉर्डसेटची रेकॉर्डकाउंट ही संख्या त्या रेकॉर्डसेटने आतापर्यंत जेवढ्या नोंदी पाहिल्या तेवढ्यांचीच असू शकते. शेवटपर्यंत एकदा जाऊन यावं तेव्हा पुरती संख्या कळते. मोठ्या टेबलावर फॉर्म नुकताच उघडला असेल तर जुनी नोंदही ‘नवी’ ठरू शकते. तिसरा अंदाज एखादा आवश्यक रकाना कोरा आहे का याचा. त्या रकान्याला डिफॉल्ट व्हॅल्यू दिलेली असेल तर कोऱ्या ओळीवरही तो भरलेला दिसतो. आणि कोणी जुन्या नोंदीतलं नाव खोडून नवं लिहीत असेल तर मधल्या क्षणी तो रकाना कोराही असतो. या तिन्ही युक्त्यांचा दोष एकच. त्या नोंदीच्या मजकुरावरून किंवा आकड्यावरून तिचा जन्म ओळखायला बघतात.

न्यूरेकॉर्ड मात्र पहिल्या दोन प्रश्नांना एकच उत्तर देते. माणूस कोऱ्या ओळीवर नुसता उभा असला तरी ती खरी, आणि अर्धं पान भरून झालं असलं तरी ती खरी. नोंद टेबलात जाईपर्यंत ती खरीच राहते. हे दोन प्रसंग वेगळे करायचे असतील तर तिच्या जोडीला फॉर्मची डर्टी प्रॉपर्टी घ्यावी लागते. न सेव्ह झालेला बदल असेल तर डर्टी खरी. आता दोन्ही एकत्र वाचा. न्यूरेकॉर्ड खरी आणि डर्टी खोटी: कोरी ओळ, अजून काही लिहिलेलं नाही. दोन्ही खऱ्या: नवी नोंद लिहून होतेय. दोन्ही खोट्या: टेबलातली जुनी नोंद, जशीच्या तशी. न्यूरेकॉर्ड खोटी आणि डर्टी खरी: जुन्या नोंदीत दुरुस्ती चालू आहे.

गंमत म्हणजे ओरॅकल फॉर्म्समध्ये हीच चार घरं चार नावांनी तयार मिळतात. तिथल्या सिस्टिम.रेकॉर्ड_स्टेटस या व्हेरिएबलमध्ये न्यू, इन्सर्ट, क्वेरी आणि चेंज्ड यांपैकी एक शब्द असतो. न्यू म्हणजे तयार झालेली पण हात न लागलेली, इन्सर्ट म्हणजे भरायला घेतलेली, क्वेरी म्हणजे टेबलातून आणलेली, चेंज्ड म्हणजे आणून बदललेली. दोन वेगळ्या कंपन्यांनी, वेगळ्या वाटांनी येऊन, हीच चार घरं मांडली. त्याअर्थी ती या कामाच्या पोटातलीच आहेत. अ‍ॅक्सेसवर काम करणाऱ्याने ही चार नावं पाठ ठेवावीत असं मला मनापासून वाटतं. आपला कोड यांपैकी कुठल्या घरासाठी आहे हे आधी ठरवलं की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

दोन्ही ठिकाणी डिफॉल्ट व्हॅल्यूबाबतही एकच शहाणपण आहे. ती दिल्याने नोंद ‘हात लागलेली’ ठरत नाही. अ‍ॅक्सेसमध्ये कोऱ्या ओळीवर ‘गाव: सातारा’ असं आधीच दिसत असलं तरी डर्टी खोटीच असते आणि माणूस तसाच मागे गेला तर टेबलात काही उरत नाही. याउलट ओळीवर येताच चालणाऱ्या करंट इव्हेंटमध्ये ‘इफ मी.न्यूरेकॉर्ड’ असं विचारून कोडने गावाच्या रकान्यात सातारा लिहिला, की फॉर्म त्याच क्षणी डर्टी होतो. आता वापरणारा कोऱ्या ओळीवर नुसता डोकावून परतला तरी फक्त गाव असलेली एक नोंद टेबलात पडते, किंवा बाकीचे आवश्यक रकाने कोरे म्हणून एरर येते आणि त्याला कळत नाही की आपण तर काहीच केलं नाही. फॉक्सप्रोच्या अपेंड ब्लँकचं जुनं दुखणं असं मागच्या दाराने परत येतं. सुरुवातीचं मूल्य द्यायचं तर डिफॉल्टव्हॅल्यूला द्या, किंवा बिफोरइन्सर्टमध्ये द्या. बिफोरइन्सर्ट वापरणाऱ्याने नव्या नोंदीत पहिलं अक्षर टाकलं तेव्हाच येतो. कोऱ्या ओळीवर नुसतं गेल्याने येत नाही.

प्रश्न कुठे विचारायचा, हे कसा विचारायचा याइतकंच महत्त्वाचं आहे. नव्या नोंदीचा प्रवास असा होतो: कोऱ्या ओळीवर आलं की करंट, पहिल्या अक्षराला बिफोरइन्सर्ट, सेव्ह होण्याआधी बिफोरअपडेट, सेव्ह झाल्यावर आफ्टरअपडेट आणि सगळ्यात शेवटी आफ्टरइन्सर्ट. बिफोरअपडेटपर्यंत न्यूरेकॉर्ड खरी असते. आफ्टरअपडेटमध्ये पोचेपर्यंत नोंद टेबलात गेलेली असते, म्हणून ती खोटी होते. तिसरा प्रश्न, ‘आत्ता सेव्ह झाली ती नवी होती का’, तिथे न्यूरेकॉर्डला विचारून उपयोग नाही. त्यासाठी एकतर आफ्टरइन्सर्ट वापरायचा, जो फक्त नव्या नोंदीनंतरच येतो, किंवा बिफोरअपडेटमध्ये न्यूरेकॉर्डचं उत्तर फॉर्मच्या पातळीवरच्या एका व्हेरिएबलमध्ये राखून ठेवायचं आणि आफ्टरअपडेटमध्ये वाचायचं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे अ‍ॅलन ब्राउन यांनी बदलांचा माग ठेवण्यासाठी दिलेली आणि जगभर वापरली गेलेली पद्धत याच दुसऱ्या वाटेने जाते. बिफोरअपडेटमध्ये ‘नवी होती का’ हे टिपून घेते आणि आफ्टरअपडेटला सोपवते.

आता एक बटण जवळून पाहू. डिलीटचं बटण कोऱ्या ओळीवर बंद असावं, म्हणून करंटमध्ये ‘बटण चालू = नॉट मी.न्यूरेकॉर्ड’ अशी ओळ लिहिली जाते. ओळ बरोबर आहे. पण वापरणाऱ्याने नवी नोंद भरली आणि तिथल्या तिथे शिफ्ट-एंटरने सेव्ह केली, तर तो दुसऱ्या नोंदीवर गेलेला नसतो, करंट पुन्हा येत नाही आणि नोंद टेबलात असूनही बटण बंदच राहतं. तीच ओळ आफ्टरइन्सर्टमध्येही हवी. शिवाय बटण दाबून डिलीट केल्यावर फॉर्म कोऱ्या ओळीवर आला, तर फोकस अजून त्या बटणावरच असतो, आणि फोकस असलेलं बटण बंद करता येत नाही. २१६४ क्रमांकाची एरर येते. फोकस आधी एखाद्या रकान्यावर न्यायचा, मग बटण बंद करायचं. एका बटणासाठी दोन जागा आणि एक क्रम सांभाळावा लागतो. हे ज्याला माहीत नसतं तो शेवटी बटण कायम चालू ठेवतो आणि वापरणाऱ्याला एररच्या चौकटी झेलाव्या लागतात.

क्रमांकाचं प्रकरण आणखी खोलवर जातं. सार्वजनिक ग्रंथालयाचं उदाहरण घेऊ. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे. त्याखाली अनुदान घेणाऱ्या ग्रंथालयांची तपासणी होते आणि दाखल नोंदवही हा त्यांच्या दप्तराचा कणा असतो. प्रत्येक प्रतीला एक दाखल क्रमांक, सलग आणि न चुकता. हे काम ऑटोनंबरवर सोपवणं चूक आहे. पहिलं अक्षर टाइप करून एस्केप दाबलं तरी तो आकडा खर्च होतो आणि वहीत खाच पडते. म्हणून क्रमांक कोडने द्यायचा: टेबलातला सगळ्यात मोठा दाखल क्रमांक डीमॅक्सने काढायचा, टेबल रिकामं असेल तर नल येतो म्हणून एनझेडने त्याचा शून्य करायचा, त्यात एक मिळवायचा.

कधी मिळवायचा? करंटमध्ये मिळवला तर दोन काउंटरवर दोघेजण कोऱ्या ओळीवर बसलेले असताना दोघांना एकच क्रमांक दिसतो. बिफोरइन्सर्टमध्ये मिळवला तर पुस्तकाची माहिती भरेपर्यंतचा सगळा वेळ धोका कायम. बिफोरअपडेटमध्ये, तेही सगळ्या तपासण्या उरकल्यावर, अगदी शेवटच्या ओळीत मिळवला तर धोक्याची फट अतिशय लहान होते. पण ती शून्य होत नाही. म्हणून दाखल क्रमांकाच्या रकान्यावर युनिक इंडेक्स हवाच. दोघांनी त्याच क्षणी सेव्ह केलं तर एकाची नोंद जाते आणि दुसऱ्याला ३०२२ क्रमांकाची, दुबार मूल्याची एरर येते. हीच इंडेक्सची कामगिरी.

न्यूरेकॉर्डची खरी किंमत इथे कळते. एरर आलेला माणूस पुन्हा सेव्ह करतो आणि बिफोरअपडेट पुन्हा चालतो. कोडमध्ये ‘इफ मी.न्यूरेकॉर्ड’ असेल, तर नोंद अजून टेबलात गेलेली नाही म्हणून उत्तर पुन्हा खरं येतं, डीमॅक्स नव्याने पाहिला जातो, पुढचा क्रमांक मिळतो आणि नोंद बिनबोभाट जाते. तेच ‘दाखल क्रमांक रिकामा असेल तर’ असं लिहिलेलं असेल, तर मागच्या खेपेचा फसलेला क्रमांक रकान्यात बसलेलाच असतो. कोड त्याला हात लावत नाही आणि माणूस कितीदाही सेव्ह दाबो, तीच एरर येत राहते. दोन ओळी दिसायला जुळ्या, पण एक ग्रंथालयाचं काम चालू ठेवते आणि दुसरी ते अडवते. (पुस्तक बाद झालं तर नोंद पुसायची नाही, ‘बाद’ अशी खूण करायची. शेवटची नोंद पुसली तर डीमॅक्स तोच क्रमांक नव्या पुस्तकाला देईल.)

सबफॉर्मकडे वळायला हवं, कारण तिथे नव्या नोंदीची चूक थेट माहिती बिघडवते. वरच्या फॉर्मवर सभासद, खालच्या सबफॉर्मवर त्याने भरलेली वर्गणी, असा सर्रास असणारा आराखडा. वरच्या फॉर्मवरून सबफॉर्ममध्ये उतरताना अ‍ॅक्सेस वरची नोंद आपोआप सेव्ह करतं. पण वर कोरी ओळ असेल आणि काहीच लिहिलेलं नसेल, तर सेव्ह करायला तिथे काही नसतं. माणूस खाली वर्गणीची रक्कम लिहितो, सभासदाचा आयडी नल असतो आणि टेबलात तो रकाना सक्तीचा नसेल तर मालक नसलेली वर्गणी जमा होते. रेफरेन्शियल इंटिग्रिटी लावलेली असली तरी नल तिच्यातून सुटून जातो. म्हणून सबफॉर्मच्या बिफोरइन्सर्टमध्ये मी.पेरेंट.न्यूरेकॉर्ड तपासायचं, खरं असेल तर कॅन्सल करून ‘आधी सभासदाची माहिती भरा’ असं सांगायचं, आणि टेबलात तो रकाना सक्तीचा करायचा. तोच सबफॉर्म कधी एकटा उघडला गेला तर पेरेंट सापडत नाही आणि एरर येते, तेवढी वाट कोडने हाताळून ठेवावी. कंटिन्युअस फॉर्मवर आणखी एक गैरसमज होतो. न्यूरेकॉर्ड ही फॉर्मची प्रॉपर्टी आहे, ओळीची नाही. वीस ओळी दिसत असल्या तरी ती फोकस असलेल्या ओळीबद्दलच बोलते.

इतर साधनांनी हा प्रश्न कसा सोडवला हे पाहिलं की अ‍ॅक्सेसची बाजू अधिक स्पष्ट होते. व्हिज्युअल फॉक्सप्रोने १९९५ मध्ये बफरिंग आणलं आणि अपेंड ब्लँकचं जुनं दुखणं मिटवलं. गेटएफएलडीस्टेट हे फंक्शन १ ते ४ असा आकडा देतं, त्यात ३ म्हणजे जोडलेली पण न बदललेली नोंद आणि ४ म्हणजे जोडून बदललेली. पुन्हा तीच चार घरं. डेल्फीत डेटासेटची स्टेट डीएसइन्सर्ट असते, आणि ऑनन्यूरेकॉर्ड या इव्हेंटमध्ये दिलेली मूल्यं नोंदीला बदललेली ठरवत नाहीत. सुरुवातीची मूल्यं द्यायची इतकी नीटस जागा अ‍ॅक्सेसच्या करंटमध्ये नाही. फाइलमेकरमध्ये रेकॉर्डओपनस्टेट ० ते ३ आकडे देते, १ म्हणजे नवी आणि अजून कमिट न झालेली. लिब्रेऑफिस बेसच्या फॉर्मला इझन्यू आणि इझमॉडिफाइड अशा दोन प्रॉपर्टी आहेत. अ‍ॅक्सेस जाणणाऱ्याला त्या लगेच ओळखीच्या वाटतील.

डॉटनेटमध्ये मात्र जपून पावलं टाकावी लागतात. डेटाग्रिडव्ह्यूच्या तळाशी असलेली कोरी ओळ त्याच्या ओळींच्या संख्येत मोजली जाते. सगळ्या ओळींवरून फिरणारा लूप शेवटी तिच्यावर आदळतो, म्हणून इझन्यूरो तपासून ती वगळावी लागते. त्याहून मोठा फरक असा की तिथे रोची स्टेट अ‍ॅडेड झाली तरी नोंद फक्त मेमरीतल्या टेबलात आलेली असते. डेटाबेसमध्ये ती अ‍ॅडॅप्टरच्या अपडेटनंतर जाते. अ‍ॅक्सेसमध्ये ‘नवी राहिली नाही’ म्हणजे टेबलात गेली. डॉटनेटमध्ये तसं गृहीत धरणं महागात पडतं.

इथपर्यंत सगळं फॉर्मपुरतं झालं. फॉर्मचा कोड कितीही चोख असला तरी तो त्या फॉर्मवरूनच चालतो. कोणी टेबल थेट उघडून ओळ लिहिली, अपेंड क्वेरी चालवली किंवा एक्सेलमधून थेट टेबलात माहिती चिकटवली, तर बिफोरअपडेट येतच नाही. ज्या गोष्टी प्रत्येक नव्या नोंदीला न चुकता लागू व्हायलाच हव्यात, त्या टेबलाच्या पातळीवर न्याव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. नोंद केल्याची तारीख हवी तर टेबलात त्या रकान्याची डिफॉल्ट व्हॅल्यू नाऊ ठेवा. कोडमध्ये नवं-जुनं ओळखायची गरजच उरत नाही. अट एवढीच की ती वेळ नोंद सुरू करतानाची असते, सेव्हची नसते. अ‍ॅक्सेस २०१० पासून टेबलाला डेटा मॅक्रो लावता येतात. त्यातल्या बिफोर चेंजमध्ये इझइन्सर्ट ही प्रॉपर्टी मिळते आणि नोंद नवी आहे की बदललेली हे टेबल स्वतः सांगतं, माहिती कुठूनही आलेली असो. आफ्टर इन्सर्ट हा वेगळा डेटा मॅक्रोही आहे.

एसक्यूएल सर्व्हरवर हे काम ट्रिगर करतो. इन्सर्टेड आणि डिलीटेड अशी दोन तात्पुरती टेबलं त्याला मिळतात. नोंदी घालताना इन्सर्टेडमध्ये ओळी असतात आणि डिलीटेड रिकामं असतं, बदल करताना दोन्हींत ओळी असतात. पण त्या ट्रिगरने आयडेंटिटी असलेल्या दुसऱ्या एखाद्या टेबलात, समजा बदलांच्या नोंदवहीत, ओळ घातली, तर लिंक केलेल्या टेबलावर बसलेला अ‍ॅक्सेसचा फॉर्म फसू शकतो. नुकती सेव्ह केलेली नोंद परत आणायला अ‍ॅक्सेस सर्व्हरकडून शेवटची आयडेंटिटी विचारून घेतं आणि ती ट्रिगरने घातलेल्या ओळीची असते. वापरणाऱ्याने सेव्ह केली एक नोंद, पडद्यावर दिसते भलतीच. माहिती टेबलात बरोबर असते, फक्त दिसायला चुकीची असते, आणि घाबरलेला माणूस ती पुन्हा भरतो. ट्रिगर लावताना ही जोडी आधी तपासून पाहावी.

फॉर्मच्या कोडमधला शेवटचा धोका बंद करण्याच्या बटणात आहे. नवी नोंद अर्धी भरलेली आहे, एखादा सक्तीचा रकाना राहिला आहे, आणि बटणामागच्या कोडने थेट क्लोज केलं, तर अ‍ॅक्सेस एक शब्दही न बोलता ती नोंद टाकून देऊ शकतं. बंद करण्याआधी ‘इफ मी.डर्टी देन मी.डर्टी = फॉल्स’ ही ओळ लिहिली की सेव्ह तिथेच होतो, किंवा अडतो आणि का अडला हे सांगतो. नव्या नोंदीवर ही ओळ जुन्या नोंदीपेक्षा जास्त गरजेची आहे. जुन्या नोंदीचा बदल गेला तरी मूळ माहिती टेबलात शिल्लक असते. नव्या नोंदीच्या बाबतीत मागे काहीच उरत नाही.

तुमच्या कार्यालयात, ग्रंथालयात किंवा दुकानात असा फॉर्म चालू असेल, तर डेटाबेसची एक प्रत करून तिच्यावर एवढं करून पाहा. बिफोरअपडेट उघडा आणि नवी नोंद ओळखायला तिथे आयडीची इझनल तपासणी आहे का ते शोधा. असेल तर ती काढून न्यूरेकॉर्ड घाला, क्रमांक देणारी ओळ सगळ्या तपासण्यांच्या खाली आणा आणि क्रमांकाच्या रकान्यावर युनिक इंडेक्स लावा. मग दोन संगणकांवर एकाच वेळी नवी नोंद भरून दोन्हीकडे सेव्ह दाबा.